कुत्र्यांची तिहेरी जंतगोळी : फीतकृमीवर चोख, पिसवांपुढे लंगडी

प्राझिक्वान्टेल ५० मिलिग्रॅम, पायरान्टेल १४४ मिलिग्रॅम आणि फेबान्टेल १५० मिलिग्रॅम. प्राण्यांच्या औषधांच्या दुकानात ‘कुत्र्याला जंताची गोळी द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा याच तीन औषधांची गोळी पुढ्यात येते. बायर कंपनीने हे मिश्रण ‘ड्रॉन्टल प्लस’ या नावाने जगभर रुजवलं. आज याच प्रमाणाच्या गोळ्या बऱ्याच कंपन्या काढतात. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका ब्रँडचं नाही, या मिश्रणाचं आहे. पाकिटाच्या मागे हे तीन आकडे जुळले की खालचं सगळं त्या गोळीला लागू पडतं.

मत आधीच सांगतो. फीतकृमी, म्हणजे टेपवर्म, मारण्यात ही गोळी खरोखर चोख आहे. एका मात्रेत काम होतं, उपाशी ठेवावं लागत नाही, जुलाब द्यावे लागत नाहीत. पण तिचा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरतो. अंगावर पिसवा असतील किंवा कुत्रा कच्ची वजडी खात असेल, तर दोन ते सहा आठवड्यांत नवे कृमी तयार होतात आणि दोष गोळीवर येतो. तो दोष गोळीचा नसतो. मात्र पाकिटावर ही गोष्ट ठळक छापत नाहीत, हा दोष विकणाऱ्यांचा नक्कीच आहे.

आधी आकड्यांतला एक गोंधळ मिटवू. काही पाकिटांवर पायरान्टेल १४४ लिहिलेलं असतं, काहींवर ५०. औषध तेवढंच असतं. १४४ मिलिग्रॅम पायरान्टेल पामोएट (काही जण एम्बोनेट लिहितात) या क्षारात मूळ पायरान्टेल ५० मिलिग्रॅम भरतं. त्यामुळे १४४ची गोळी ‘जास्त स्ट्राँग’ म्हणून जास्त पैसे मोजू नका.

तिघांची कामंही वेगळी आहेत. पायरान्टेल गोलकृमी आणि अंकुशकृमींना लुळं पाडतं. फेबान्टेलचं शरीरात फेनबेन्डाझोल आणि ऑक्सफेन्डाझोल होतं. ती कृमीच्या पेशींतला सांगाडाच उभा राहू देत नाहीत, आणि चाबूककृमी मुख्यतः यांच्यामुळे जातात. फीतकृमीची सगळी भिस्त प्राझिक्वान्टेलवर. हे औषध १९७०च्या दशकात जर्मनीत बायर आणि मर्क या कंपन्यांच्या कामातून आलं, आणि आजही कुत्र्यांच्या फीतकृमींवर पहिली पसंती त्यालाच आहे. ते इतकं का चालतं, हे कळायला हा कृमी जेवतो कसा ते पाहायला हवं.

कातडी हेच तोंड

फीतकृमीला तोंड नाही, पोट नाही, आतडं नाही. डोक्यावरचे चोषक, आणि असले तर आकडे, फक्त आतड्याच्या भिंतीला धरून बसण्यासाठी. जेवण सगळं कातडीतून. ही कातडी आपल्यासारखी मेलेल्या पेशींच्या थरांची नसते. ती जिवंत, सलग, एकसंध थर असते आणि तिच्यावर मायक्रोट्रिक नावाच्या अतिसूक्ष्म केसाळ उंचवट्यांची दाट लव असते. कुत्र्याच्या आतड्याला आतून जशी अन्न शोषणारी लव असते, तशी या कृमीला बाहेरून. झबलं उलटं घातलं की शिवण बाहेर येते, तसं हे शरीर.

आता कुत्र्याच्या पोटात तूप, मटणाची चरबी, अंड्याचा बलक असं काही गेलं की काय होतं? स्वादुपिंडाचा लायपेज हा पाचकरस चरबीचे रेणू तोडून मेदाम्लं आणि मोनोग्लिसराइड वेगळे करतो. यकृतातून आलेले पित्तक्षार त्यांच्याभोवती गोळा होऊन मायसेल नावाचे सूक्ष्म थेंब बनवतात, कारण चरबी पाण्यात नुसती विरघळत नाही. हे थेंब आतड्याच्या भिंतीकडे निघतात. फीतकृमी नेमका त्याच वाटेत पसरलेला असतो. चरबी तोडण्याचं काम कुत्र्याच्या रसांनी केलेलं, ती विरघळवण्याचं काम कुत्र्याच्या पित्ताने केलेलं. कृमी फक्त तयार माल उचलतो.

हे अनुमानाने म्हटलेलं नाही. उंदरांतला हायमेनोलेपिस डिमिन्यूटा हा फीतकृमी प्रयोगशाळांत दशकानुदशकं पाळला गेला आहे. १९६०च्या दशकात फेअरबेर्न आणि सहकाऱ्यांनी त्याला किरणोत्सारी खूण केलेले पदार्थ देऊन पाहिले. पित्तक्षारांच्या थेंबांतून तो मेदाम्लं आणि मोनोग्लिसराइड थेट शोषतो, हे त्यांनी दाखवलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नवं मेदाम्ल मुळापासून बनवणं त्याला जमतच नाही. मिळालेल्या मेदाम्लाची साखळी दोन-दोन कार्बनने लांबवता येते, एवढीच त्याची कारागिरी. २०१३मध्ये चार फीतकृमींचे जीनोम प्रसिद्ध झाले तेव्हा त्याला जनुकांच्या पातळीवर दुजोरा मिळाला. मेदाम्लं आणि कोलेस्टेरॉल बनवण्याची जनुकं या प्राण्यांनी गमावलेली आहेत. उलट चरबीचे रेणू धरून ठेवणारी, वाहून नेणारी प्रथिनं ते भरपूर बनवतात. यकृतात-फुप्फुसात पाण्याच्या गाठी करणाऱ्या एकायनोकोकसचं ‘अँटिजेन बी’ हे त्यांपैकीच. गाठीतल्या पाण्यात ते मुबलक असतं, आणि चरबी बांधून ठेवणं हा त्याचा गुण आहे.

म्हणजे हा प्राणी चरबीसाठी पूर्ण परावलंबी आहे आणि ती मिळण्याचा त्याचा रस्ता एकच, कातडी. प्राझिक्वान्टेल त्या कातडीवरच घाव घालतं. औषध लागताच कृमीच्या पेशींत कॅल्शियम बेसुमार शिरतं, स्नायू आखडून घट्ट होतात, पकड सुटते. त्याच वेळी कातडीत, विशेषतः डोक्यामागच्या मानेसारख्या भागात, फोड येऊन ती फाटते. नवे तुकडे तयार होतात ते याच मानेत, त्यामुळे घाव वर्मी बसतो. शिवाय कुत्र्याच्या पाचकरसांपासून कृमीला वाचवणारी ढालही हीच कातडी होती. ती फाटली की कृमी इतर अन्नासारखाच पचून जातो.

म्हणूनच गोळीनंतर शीमध्ये लांबलचक पट्टी दिसत नाही. ‘गोळी दिली पण एकही जंत पडला नाही, गोळी बोगस’ हा सर्वांत वारंवार ऐकू येणारा शेरा, आणि तो चुकीचा आहे. फीतकृमी न दिसणं हेच इथे अपेक्षित आहे. गोलकृमी मात्र पचत नाहीत, लुळे होऊन शेवयांसारखे बाहेर पडतात. पिल्लांत ते दिसले तर घाबरू नका.

कुत्रा बारीक का?

‘खातो भरपूर पण अंगाला लागत नाही, टेपवर्म सगळं तूप खातो’ असं म्हणतात. यात थोडं तथ्य आहे, पण बराच फुगवटा आहे. फीतकृमी चरबी घेतो ती मुख्यतः स्वतःच्या पेशींची आवरणं बांधायला, आणि साठवायला. शेपटाकडच्या, अंड्यांनी भरलेल्या जुन्या तुकड्यांत चरबी जास्त सापडते. ती जाळून शक्ती मिळवणं त्याला जवळपास जमत नाही. शक्तीसाठी तो ग्लुकोज आणि ग्लायकोजेनवर चालतो. उंदराच्या आहारातून पिष्ट काढून घेतलं तर हायमेनोलेपिस खुरटतो, हे खूप आधीपासून माहीत आहे. धडधाकट मोठ्या कुत्र्याच्या पोटातला डिपिलिडियम, हा आपल्याकडचा नेहमीचा फीतकृमी, फार तर अर्धा मीटर लांब. तो जेवढी चरबी पळवतो तेवढ्याने सशक्त कुत्रा खंगत नाही. कुत्रा खरंच बारीक होत असेल तर गोळी देऊन गप्प बसू नका. अंकुशकृमींमुळे होणारा रक्तक्षय, गोचिडांमुळे होणारे ताप, स्वादुपिंडाचा आजार, मूत्रपिंडं, हे सगळं तपासायला हवं. हिरड्या पांढुरक्या दिसत असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

यातूनच दुसऱ्या समजाचं उत्तर मिळतं. कुत्र्याचं तूप-तेल बंद करून कृमी उपाशी मरत नाही. पित्तातूनच लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल आतड्यात रोज उतरतं आणि आतड्याच्या झडणाऱ्या पेशींतूनही चरबी मिळते. कृमीची गरज त्यावर भागते. अशक्त होतो तो कुत्रा. गोड खाल्ल्याने जंत होतात, हेही खरं नाही. फीतकृमी येतो पिसू गिळल्याने किंवा कच्च्या मांसातून. गुळाच्या खड्यातून नाही.

मात्रा : इथेच सर्वांत जास्त चुका

हिशेब सोपा आहे. १० किलोला १ गोळी, म्हणजे दर किलोला प्राझिक्वान्टेल ५, मूळ पायरान्टेल ५ आणि फेबान्टेल १५ मिलिग्रॅम. ३ ते ५ किलोच्या कुत्र्याला अर्धी, ५ ते १० किलोला एक, १० ते २० किलोला दोन, २० ते ३० किलोला तीन. काही कंपन्यांच्या तक्त्यात मधल्या वजनांना दीड किंवा अडीच गोळ्या असतात. तेही बरोबर आहे. चुकतं ते खाली उतरल्यावर. १२ किलोच्या कुत्र्याला ‘एकच पुरे’ म्हणून एक गोळी दिली की प्राझिक्वान्टेल दर किलोला ४.२ मिलिग्रॅमच पडतं. २३ किलोच्या लॅब्राडॉरला दोन दिल्या तर ४.३. मात्रा अपुरी पडली की काही कृमींची डोकी भिंतीला चिकटून राहतात, आणि डोकं-मान शाबूत असेल तर मागची पट्टी पुन्हा वाढते. वर जायला मात्र बरीच मोकळीक आहे, हे औषध त्या बाबतीत सुरक्षित आहे. म्हणून दोन आकड्यांच्या मधलं वजन असेल तर वरचा आकडा धरा.

वजन अंदाजाने सांगू नका. घरातल्या काट्यावर आधी स्वतः उभं राहा, मग कुत्र्याला उचलून उभं राहा, आणि वजाबाकी करा. उचलता न येणारा कुत्रा दवाखान्यातल्या मोठ्या काट्यावर नेऊन उभा करा. दाट केसांच्या पॉमेरेनियनचं वजन लोक हमखास जास्त सांगतात, आणि आडव्या बांध्याच्या लॅबचं कमी.

तीन आठवड्यांहून लहान किंवा किलोभरापेक्षा हलक्या पिल्लाला ही गोळी देऊ नये. त्यांच्यासाठी पायरान्टेलचं पातळ औषध असतं आणि ते दोन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी दिलं जातं. गाभण कुत्रीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. फेबान्टेलमुळे गर्भाच्या सुरुवातीच्या काळात व्यंग येण्याचा धोका असतो, म्हणून काही देशांत पहिल्या दोन-तृतीयांश काळात मनाई आहे, काही देशांत पूर्ण गर्भारपणात. पायपेराझिनचं जुनं पातळ औषध याच सुमारास दिलेलं असेल तरी थांबा. पायरान्टेल आणि पायपेराझिन एकमेकांच्या उलट काम करतात आणि दोघांचाही परिणाम मारला जातो.

गोळी उपाशी पोटी द्यायची गरज नाही. जुन्या काळी अरेकोलीनसारखी औषधं देऊन जुलाब करवत, त्यामुळे उपास आणि एरंडेलाची सवय अजून काही घरांत टिकून आहे, ती सोडा. खाण्यात द्यायची तर उकडलेल्या कोंबडीचा तुकडा, पनीरचा छोटा खडा किंवा उकडलेल्या अंड्याचा बलक पुरतो. तुपाची अख्खी वाटी ओतू नका. एकदम खूप चरबी पडली की लहान जातींत स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि औषधाला त्याचा काही उपयोग नसतो. माणसांना हायडॅटिडच्या, म्हणजे एकायनोकोकसने होणाऱ्या पाण्याच्या गाठींसाठी अल्बेन्डाझोल देतात तेव्हा तेलातुपाच्या जेवणासोबत घ्यायला सांगतात, कारण चरबीसोबत ते रक्तात कितीतरी जास्त शोषलं जातं. तो नियम ऐकून काही जण इथेही लावतात. पण तिथे औषध यकृतातल्या गाठीपर्यंत पोचवायचं असतं, इथे शत्रू आतड्यातच आहे.

प्राझिक्वान्टेल कमालीचं कडू असतं. गोळी चुरून दह्यात कालवली तर बरीच कुत्री एक घास घेऊन तोंड फिरवतात, फेस काढतात आणि अर्धी मात्रा वाडग्यातच राहते. त्यापेक्षा अख्खी किंवा रेषेवर तोडलेली गोळी तुकड्यात लपवा. आधी रिकामा तुकडा, मग गोळीचा, मग लगेच पुन्हा रिकामा. नंतर ओठ उचलून गालाच्या आत पाहा. गालात दडवून पाच मिनिटांनी गादीखाली थुंकणारी कुत्री कमी नसतात. दिल्यावर लगेच उलटी झाली आणि तीत गोळी दिसली तर डॉक्टरांना विचारून पुन्हा द्या. उरलेली अर्धी गोळी तीन महिन्यांनी वापरायला जपून ठेवू नका, फेकून द्या. क्वचित एखादी उलटी, पातळ शी किंवा लाळ, एवढेच त्रास सहसा होतात.

गोळ्यांच्या घडणीबद्दल थोडं. चव लावलेल्या गोळ्या न लावलेल्यांपेक्षा कुत्री सहज घेतात, थोडे पैसे जास्त पडले तरी त्याच घ्या. तोडायची रेष खोल हवी. उथळ रेषेची गोळी बोटांनी तोडताना एकीकडे दोन-तृतीयांश आणि दुसरीकडे चुरा होतो, आणि चार किलोच्या कुत्र्यात तेवढा फरक मोठा असतो. अशा वेळी गोळी कापायची डबी वापरा.

पुन्हा आले! का?

डिपिलिडियमचे तुकडे ताजे असताना काकडीच्या बीसारखे दिसतात आणि आकसत-पसरत चालतात. वाळले की तांदळाच्या कणीसारखे. शेपटीखालच्या केसांत, बसायच्या सतरंजीवर ते सापडतात. प्रत्येक तुकड्यात अंड्यांच्या पुड्या असतात. जमिनीवरच्या धुळीत राहणारी पिसवांची अळी ती अंडी खाते, अळीची पिसू होते, पिसू कुत्र्याला चावते, कुत्रा अंग चावता-चाटताना ती गिळतो, आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा तुकडे पडू लागतात. मोठी पिसू फक्त रक्त पिते, ती अंडी खात नाही. म्हणजे लागण अळीच्याच वयात होते, घराच्या कोपऱ्यात, कुत्र्याच्या अंगावर नाही. गोळी त्या कोपऱ्यात पोचत नाही.

म्हणून गोळीच्याच दिवशी पिसवांचं औषध सुरू करा, आणि घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला करा. अफॉक्सोलॅनरची चघळायची गोळी महिनाभर टिकते, फ्लुरालॅनरची साधारण तीन महिने. फिट येणाऱ्या कुत्र्याबद्दल ही औषधं देण्याआधी डॉक्टरांना सांगा. मानेवर टाकायचं फिप्रोनिलही चालतं, पण आधी-नंतर दोन दिवस शॅम्पू नको. कुत्र्याचं पर्मेथ्रिनचं औषध मांजराला चुकूनही लावू नका, मांजराच्या जिवावर बेततं. अंथरूण ६० अंशांच्या पाण्यात धुवा, दिवाणाखालची आणि फरशीच्या सांध्यांतली धूळ रोज झाडा किंवा व्हॅक्यूमने ओढा. पिसवांचे कोष कुठल्याच औषधाला फारशी दाद देत नाहीत आणि महिनोन्‌महिने थांबून राहू शकतात, त्यामुळे हे किमान तीन महिने सलग करावं लागतं. साबणाच्या अंघोळीने त्या क्षणी अंगावर असलेल्या पिसवा जातात, एवढंच.

पिसवा खरोखर संपल्या, मात्रा बरोबर होती, तरी तुकडे येतच राहिले, तर मात्र औषधाचा विचार करावा. २०१८मध्ये अमेरिकेत काही कुत्र्यांच्या डिपिलिडियमवर प्राझिक्वान्टेल वारंवार देऊनही लागू पडलं नाही, अशी नोंद प्रसिद्ध झाली आहे. अशी उदाहरणं विरळा आहेत. दहांतल्या नऊ तक्रारींत पिसूच सापडेल, हा आमचा ठाम कल आहे.

मेंढरांमागची आणि खाटकाच्या दुकानाजवळची कुत्री

इथे या गोळीची किंमत सर्वांत जास्त आहे आणि इथेच ती सर्वांत कमी वापरली जाते. धनगरांच्या वाड्यांवरची राखणदार कुत्री, मटणाच्या दुकानांमागे टाकलेल्या आतड्या-फुप्फुसांवर जगणारी कुत्री, यांच्या आतड्यात एकायनोकोकस ग्रॅन्युलोसस वाढतो. लांबी अवघी काही मिलिमीटर, तीन-चार तुकड्यांचं शरीर. शीमध्ये तो डोळ्यांना दिसत नाही, कुत्रा त्याने आजारीही पडत नाही. पण त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. त्या वर्षानुवर्षं सावकाश वाढतात आणि अनेकदा शस्त्रक्रियेशिवाय सुटका नसते. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची अंडी टीनिया या दुसऱ्या फीतकृमीच्या अंड्यांसारखीच दिसतात, त्यामुळे साध्या शी-तपासणीवर विसंबता येत नाही. न तपासताच ठरलेल्या वेळी औषध देणं हाच शहाणपणा.

कुत्र्याने मेंढराच्या यकृता-फुप्फुसातली अशी गाठ खाल्ल्यापासून साधारण सहा आठवड्यांनी कृमी अंडी टाकू लागतो, म्हणून अशा कुत्र्यांना दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वान्टेल द्यावं. घरातल्या शिजवलेलं खाणाऱ्या कुत्र्यासाठी तीन महिन्यांचं अंतर पुरतं. तेच वेळापत्रक राखणदार कुत्र्याला लावू नका. दर वेळी तिहेरी गोळीही लागत नाही. मधल्या फेऱ्यांना नुसती प्राझिक्वान्टेलची ५० मिलिग्रॅमची गोळी तेवढंच काम करते, आणि वाड्यावर पाच-सहा कुत्री असली की हा फरक खिशाला जाणवतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात याची चौकशी करा.

एक धोक्याची गोष्ट. प्राझिक्वान्टेल कृमी मारतं, त्याची अंडी मारत नाही. गोळीनंतर कृमी फुटतो आणि जिवंत अंडी शीबरोबर एकदम बाहेर येतात. म्हणून त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस कुत्रा बांधून ठेवा, शी हातमोजे घालून गोळा करा, जाळा किंवा खोल पुरा. फिनाइल आणि नेहमीच्या जंतुनाशकांना ही अंडी दाद देत नाहीत. उकळतं पाणी आणि कडक कोरडं ऊन त्यांना मारतं, सावलीतल्या ओलाव्यात ती महिनोन्‌महिने तगतात. गाठी असलेलं यकृत किंवा फुप्फुस कुत्र्यापुढे टाकू नका. घालायचंच असेल तर किमान अर्धा तास उकळा.

याला पर्याय?

मुलांच्या कपाटातली अल्बेन्डाझोल ४००ची गोळी कुत्र्याला देणं ही फार पसरलेली आणि वाईट सवय आहे. डिपिलिडियमवर तिचा भरवसा नाही आणि कुत्र्या-मांजरांत तिच्यामुळे अस्थिमज्जेचं काम मंदावून रक्तपेशी घटल्याची उदाहरणं आहेत. नुसतं फेनबेन्डाझोल तीन दिवस दिलं तर टीनिया जातो, डिपिलिडियम जात नाही. निक्लोसमाइड हे जुनं औषध डिपिलिडियम आणि एकायनोकोकसवर बेभरवशाचं. भोपळ्याच्या बियांवर कुत्र्याला ठेवू नका.

काही गोळ्यांत प्राझिक्वान्टेलबरोबर आयव्हरमेक्टिन घातलेलं असतं. कोली जातीचं किंवा त्या रक्ताचं कुत्रं असेल तर ती गोळी डॉक्टरांना दाखवूनच द्या, काही कोलींच्या मेंदूला ते सोसत नाही. मांजरांना कुत्र्यांची तिहेरी गोळी तोडून देऊ नका. त्यांच्यासाठी प्राझिक्वान्टेल आणि पायरान्टेलची वेगळी गोळी मिळते, आणि गोळी घेऊच न देणाऱ्या मांजरासाठी मानेवर टाकायचं प्राझिक्वान्टेल आणि इमोडेप्साइडचं औषध आहे. किंमत जास्त, पण हातावरचे ओरखडे वाचतात.

या तिहेरी गोळीने हृदयकृमी जात नाही, एका मात्रेत जिआर्डिया हा आतड्यातला एकपेशीय परजीवी जात नाही, आणि कुत्रीच्या मांसात दडून बसलेल्या गोलकृमींच्या अळ्याही जात नाहीत. ढुंगण जमिनीवर घासणारा कुत्राही बहुतेक वेळा गुदग्रंथी तुंबल्याने घासतो. गोळी देण्याआधी त्या पिळून घ्या.

गोळी दिल्यावर कॅलेंडरवर एकविसावा आणि पस्तिसावा दिवस लिहून ठेवा. त्या दोन्ही दिवशी सकाळी शेपटी उचलून केस पाहा, सतरंजी उजेडात झटका. तांदळाची कणी वाटेल असं काही सापडलं तर पांढऱ्या बशीत पाण्याच्या थेंबात पंधरा मिनिटं भिजवा. तुकडा असेल तर फुगून काकडीच्या बीचा आकार घेईल. तो छोट्या झाकणाच्या डबीत, पाण्यासकट, दवाखान्यात न्या. नुसती शी देऊन ‘जंत नाहीत’ असा निकाल येण्याची शक्यता मोठी असते, कारण अंडी शीत विखुरत नाहीत, तुकड्यातच बंद राहतात. तुकडा काचेवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली अंड्यांच्या पुड्या पाहिल्या की पाच मिनिटांत निदान होतं.